बसतंय की, मालक!

खोटं बोलावं की बोलू नये, या प्रश्नाचा निकाल जगातल्या थोर माणसांनी केव्हाच लावून टाकला आहे. बोलू नये. कांट नावाच्या जर्मन तत्त्ववेत्त्याने तर १७९७ साली एक निबंध लिहून असं बजावलं की, एखादा मारेकरी आपल्या मित्राचा पाठलाग करत दारात आला आणि 'तो आत आहे का?' असं विचारू लागला, तरी त्यालासुद्धा खोटं सांगू नये. कांटसाहेब आजन्म अविवाहित होते, ही गोष्ट इथे ध्यानात घेतली पाहिजे. त्यांना मुलीचं लग्न जमवायचं नव्हतं. दारात मारेकरी येण्याचा प्रसंग शंभरात एखाद्यावर येत असेल नसेल. पण दारात मुलाकडची मंडळी येण्याचा प्रसंग मुलीच्या प्रत्येक बापावर येतो, आणि त्या वेळी त्याच्या मदतीला एकही जर्मन येत नाही.

मला हा प्रश्न पडला तो काही ग्रंथ वाचून नव्हे. मी चाकं बदलली, म्हणून पडला.

आमच्याकडे एक मारुती ८०० होती. सोलापुरात एका डॉक्टरांनी वापरलेली, मी १९९९ साली सेकंडहँड घेतलेली. मूळ रंग पांढरा. पण सोलापूरच्या उन्हात सात उन्हाळे काढल्यावर कुठलाही पांढरा रंग ताकासारखा दिसू लागतो, तसा तिचा झाला होता. इंजिन ७९६ सीसीचं, आवाज त्याहून मोठा. बाकी तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. चाकं तेवढी बारा इंची, लोखंडी, काळपट, जागोजागी गंजाचे ठिपके पडलेली. पण गाडीच्या चाकांकडे कोण बघतं? मी तरी तोपर्यंत बघितलं नव्हतं. माणूस स्वतःच्या टाचा कुठे रोज बघतो?

२००६ च्या जानेवारीत, गड्ड्याची जत्रा अजून उठायची होती तेव्हा, ठाण्याचं एक स्थळ सांगून आलं. मुलगा इंजिनिअर, पत्रिका जुळलेली, ३६ पैकी २८ गुण. मंडळी सिद्धेश्वर एक्सप्रेसने सकाळी यायची, मुलगी बघायची, जेवायची आणि दुपारी तुळजापूरला देवीचं दर्शन घेऊन रात्रीच्या गाडीने परत जायची, असा बेत ठरला. तुळजापूरला 'आपली गाडी आहे ना!' असं मी फोनवर ऐटीत म्हणून बसलो. फोन ठेवला आणि बाहेर येऊन त्या ऐटीकडे पहिल्यांदाच पाहुण्याच्या नजरेनं बघितलं. सगळ्यात आधी टाचाच दिसल्या.

आमच्या मेहुण्यांना अशा वेळी नेमका सल्ला सुचतो. ते म्हणाले, "दाजी, रंग द्यायला आता वेळ नाही. मॅगव्हील टाका. चाकं चकाचक असली की गाडीच्या रंगाकडे लक्ष जात नाही. चपला नव्या असल्या की धोतर जुनं चालतं."

मॅगव्हील म्हणजे अलॉयची, ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूची चाकं. एके काळी शर्यतीच्या गाड्यांना मॅग्नेशिअमची लावत, त्यावरून हे नाव पडलं आणि पुढे मॅग्नेशिअम गेलं तरी नाव राहिलं. शहराबाहेर पडणाऱ्या एका रस्त्यावर असल्या चाकांचं दुकान होतं, तिथे मेहुणे मला घेऊन गेले. भिंतीवर शंभरेक चाकं टांगलेली. पाच पाकळ्यांची, सूर्यफुलासारखी, कोयत्यासारख्या वळणाची, जाळीची. बांगडीच्या दुकानात गेल्यासारखं वाटलं. आणि बांगडीवाल्या कासारासारखाच इथलाही मालक समोरच्याचा हात न बघता चेहरा बघत होता.

"मारुती? होय की! ह्ये घ्या तेरा इंची. एक नंबर दिसतील. सेकंडहँड हाय, पण एक ओरखडा दाखवा."

"पण माझी बारा इंची आहेत."

"म्हणून तर गाडी बारकी दिसतीय ना मालक!"

यावर उत्तर नव्हतं. तरी मी गिरणीच्या हेड ऑफिसात वीस वर्षं हिशेब लिहिलेला माणूस. प्रश्न विचारल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, एवढं शिकलो होतो. मी विचारलं, "बसतील का?"

"बसतंय की, मालक! आठ होल हायेत."

हा आठ भोकांचा प्रकार मला फार उद्बोधक वाटला. गाडीचं चाक ज्या बोल्टांवर बसतं, ते बोल्ट एका वर्तुळावर मांडलेले असतात. त्या वर्तुळाचा व्यास जुळला तरच चाक चढतं. त्याला हे लोक पीसीडी म्हणतात. आमच्या मारुतीचे बोल्ट चार आणि व्यास ११४.३ मिलिमीटर. हा .३ कुठून आला म्हणून मी चक्रावलो होतो. पण तो सरळ साडेचार इंच आहे, मिलिमीटरचा सदरा घातलेला. दुसऱ्या बऱ्याच छोट्या गाड्यांचा व्यास १०० मिलिमीटर. मग दुकानदारांच्या सोयीसाठी बनवणाऱ्याने काय करावं? एकाच चाकाला चार भोकं शंभराची आणि चार साडेचार इंचाची पाडून ठेवावीत. म्हणजे चाक कुठल्याही पक्षात बसायला मोकळं. पत्रिकेतही वर्ण, वश्य, तारा, योनी वगैरे आठच कूटं असतात. आठ कूटं, आठ भोकं. मला तो शुभशकुनच वाटला.

भोकं जुळणं म्हणजे चाक जुळणं नव्हे, हे कळायला मला तुळजापूरच्या रस्त्यावर जावं लागलं. पण आता कळलंच आहे तर इथेच सांगून टाकतो. चाकाच्या मधोमध जे मोठं भोक असतं, ते गाडीच्या हबवर घट्ट बसलं तर चाक केंद्रात राहतं. बाजारातली चाकं सगळ्यांना चालावीत म्हणून ते भोक मुद्दाम मोठं ठेवतात. मधली फट भरायला एक कडं मिळतं, ते घातलं नाही तर वेगात गाडी थरथरते आणि सगळी भिस्त नटांवर येते. दुसरी भानगड ऑफसेटची. चाकाच्या रुंदीची मध्यरेषा आणि चाक गाडीला जिथे टेकतं तो भाग, यांच्यातलं अंतर म्हणजे ऑफसेट. ते मिलिमीटरमध्ये मोजतात. ते जास्त झालं तर चाक आत जाऊन सस्पेन्शनला भिडतं, कमी झालं तर बाहेर येऊन मडगार्डच्या कडेला. पाच-दहा मिलिमीटरचा मामला. पण पायातल्या चपलेतला खडा तरी कितीसा असतो? आणि तिसरी गोष्ट टायरची. माझ्या जुन्या टायरवर १४५/७० आर १२ असं लिहिलेलं होतं. म्हणजे रुंदी १४५ मिलिमीटर, उंची त्याच्या ७० टक्के, रिम बारा इंच. नव्यावर होतं १६५/६५ आर १३. मी हिशेबनीस असल्यामुळे नंतर, म्हणजे जेव्हा उपयोग उरला नव्हता तेव्हा, हिशेब मांडला: जुन्या चाकाचा व्यास ५०८ मिलिमीटर भरतो आणि नव्याचा ५४५. सात टक्के मोठं. याचा एक मजेदार परिणाम असा की मीटर मागे पडतो. गाडी १०७ किलोमीटर जाते आणि मीटर शंभरच सांगतो. मिरवायला म्हणून चाकं मोठी केली आणि घरातली एकमेव वस्तू विनयशील झाली!

दुकानदाराने गाडी जॅकवर उचलली, चाक चढवलं, हातानं गरकन फिरवलं आणि म्हणाला, "बघा. कुठं घासतंय काय?"

कुठेही घासत नव्हतं. चाक हवेत होतं.

साडेनऊ हजार रुपये मोजले. मागच्या मडगार्डची कड हातोडीनं थोडी आत मारून घ्या, असं त्याचा पोऱ्या म्हणत होता. पण रंगाचे पोपडे उडतील म्हणून मीच नको म्हटलं. ताक तर ताक, पण अखंड असावं. नव्या चाकांचे नट निराळे, बारीक तोंडाचे. ते चोरांना सहज काढता येऊ नयेत म्हणून त्यांची एक खास चावी मिळाली. जुने नट त्याने पिशवीत घालून डिकीत टाकले. चावी मी घरी आणून फ्रिजवर जपून ठेवली. जपून ठेवलेल्या वस्तूंचं पुढे काय होतं, हे संसारी वाचकांना सांगायला नको.

घरी आल्यावर सौ. म्हणाली, "अहो, गाडीनं उंच टाचेचे सँडल घातल्यासारखे वाटतात." आमची लेक कॉलेजातून आली, तिनं गाडीभोवती एक फेरी मारली आणि एवढंच विचारलं, "अप्पा, ही त्यांच्यासाठी?"

"छे! कधीपासून मनात होतं."

हे त्या आठवड्यातलं पहिलं खोटं.

दुसरं जरा बारकाईनं सांगावं लागेल. आमची गिरणी बंद पडली तेव्हा मला साधा फंडसुद्धा वेळेवर मिळाला नाही. पुढे एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहायला लागेपर्यंत दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत लेक नुकतीच ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागली होती. घराच्या कर्जाचा हप्ता, धाकट्याची फी, माझ्या मधुमेहाच्या गोळ्या, सगळं तिच्या पगारातून. तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही, आणि मीही नाही. आपल्या घरात अशा गोष्टी बोलत नाहीत. त्या नुसत्या पहिल्या तारखेला ओट्यावरच्या डब्याखाली पाकिटात असतात.

मंडळी आली. पोहे झाले. मुलाच्या आत्याबाईंनी मायेनं विचारलं, "मुलगी नोकरी करते म्हणे?" प्रश्न मायेचा होता, पण त्याच्या मागून एक बारीकशी खूण येत होती. ठाण्याचं घर एकत्र कुटुंबाचं, सासूबाईंचे गुडघे दुखतात, हे मध्यस्थांनी आधीच सुचवून ठेवलं होतं. मी ती खूण ओळखली आणि हसून म्हणालो, "हो, करते आपली… वेळ जावा म्हणून."

लेक तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं ट्रे टीपॉयवर ठेवला. आवाज फार झाला नाही. चार कपांचा होतो तेवढाच झाला.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या-तेवढ्याला खोटं काय म्हणायचं? मीही स्वतःला तेच म्हणत होतो. पाहुणे येणार म्हणून आपण कपाटातली कोरी सोलापुरी चादर काढून पलंगावर घालतो. रोजची, मधे विरलेली, गादीखाली सरकवतो. पाहुण्यांसमोर हात पुसायला घडी न मोडलेला टॉवेल ठेवतो, आणि पाहुणेही तो आपल्या घरचा रोजचाच टॉवेल आहे असं समजल्याचं दाखवतात, कारण त्यांच्याही घरी हेच चालतं. टॉवेल विणणाऱ्या गावात राहून फाटक्या पंचाला हात पुसणारी घरं मी शेकड्यांनी दाखवीन. केसांना कलप लावलेला माणूस खोटारडा असेल तर आमच्या पेन्शनर कट्ट्यावर खरं बोलणारा एकटा टक्कलवाला उरेल. माणसांनी एकमेकांसमोर थोडं नटावं, यात पाप नाही. मी तर म्हणेन त्यात एक प्रकारचा आदर आहे. तुम्ही आलात म्हणून आम्ही आवरलं.

मग घोडं पेंड कुठे खातं?

आम्ही तुळजापूरला निघालो. पुढे मुलाचे वडील, मागे मुलगा, त्याची आई, आत्याबाई. मी धरून पाच. मारुती ८०० मध्ये पाच माणसं बसतात. म्हणजे तशी कंपनीची समजूत होती. गाव सोडलं, पहिला खड्डा आला आणि डाव्या बाजूला मागे 'खर्र' असा आवाज झाला. मी रेडिओ लावला. दुसऱ्या खड्ड्याला 'खर्रर्र'. आत्याबाई म्हणाल्या, "काहीतरी घासतंय का हो?" मी म्हणालो, "नवीन आहेत ना, बसायला वेळ लागेल." जशी काही ती चाकं नसून नवी सूनच होती.

वळणावर गाडी डावीकडे झुकली की आवाज लांबायचा. जळक्या रबराचा वास येऊ लागला, तेव्हा मी खिडकीबाहेर बघून म्हणालो, "इथे उसाची पाचटं जाळतात." उजाड माळ होता. शेवटी तामलवाडीच्या थोडं अलीकडे फाट् असा आवाज झाला आणि गाडी एका बाजूला बसली. मडगार्डच्या कडेनं टायर भाकरीच्या कडेसारखं कातरून काढलं होतं.

डिकीत स्टेपनी होती. हा शब्द आपण इतका आपला करून टाकला आहे की तो मराठीच वाटावा. पण तो वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी नावाच्या रस्त्यावरून आला. तिथे १९०४ साली एका माणसानं जादा चाकाची युक्ती काढली. त्या भल्या माणसानं चाक दिलं, पण फ्रिजवरची चावी कोण देणार? गाडीच्या मूळ पान्याला ते नवे नट दाद देईनात. मुलाचे वडील कोट काढून खाली बसले. टपाल खात्यातून निवृत्त झालेले शांत गृहस्थ. त्यांनीही पाना लावून बघितला. मुलगा एका मोटरसायकलच्या मागे बसून तामलवाडीला गेला आणि अर्ध्या तासानं एका म्हाताऱ्या पंक्चरवाल्याला घेऊन आला.

म्हाताऱ्यानं आधी चाक नाही, मला बघितलं. मग मडगार्डमध्ये हात घालून कड चाचपली.

"कुणी बसवलं ह्ये?"

"बसवलंय सोलापुरात. बसत होतं की. फिरवून दाखवलं."

"रिकाम्या गाडीत?"

"हो."

"रिकाम्या गाडीत समदंच बसतंय, मालक. चाक माणसं बसवून बघायचं असतंय."

तो पिशवीतून निरनिराळ्या पान्यांची तोंडं काढून एकेक लावून बघू लागला. आणि मला, भर दुपारी, त्या रस्त्याच्या कडेला, माझे आजोबा आठवले.

मंगळवेढ्याकडे आमची जमीन होती, बैलगाडी होती. चाकाला धाव चढवायचा दिवस मला अजून आठवतो. सुतार आणि लोहार दोघंही लागत. लोखंडी धाव मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा थोडी लहान करायची. जमिनीवर शेण्यांचा जाळ करून त्यात ती लाल तापवायची, म्हणजे ती फुगायची. मग चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि लगेच घागरी ओतायच्या. चर्र करून वाफ उठायची, लोखंड आवळायचं, आणि तुंब्यात शिरलेले आरे कुरकुरत घट्ट व्हायचे. किती लहान करायची हे लोहाराच्या हाताला माहीत. जास्त लहान झाली तर आरे वाकायचे. मोठी राहिली तर उन्हाळ्यात लाकूड सुकल्यावर धाव वाटेतच गळून पडायची. बेंदराला बैलांची शिंगं रंगवत, बेगड लावत, झुली घालत, गाडीला घुंगरं बांधत. मी सात-आठ वर्षांचा होतो. मला वाटलं चाकालाही रंगीत पत्र्याची पट्टी ठोकावी. हातात हातोडी आणि चुका घेऊन धावेपाशी गेलो, तेव्हा आयुष्यात एकदाच आजोबांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. शिंगं हवी तितकी नटव म्हणाले, चाकाला हात लावायचा नाही.

साठ वर्षांनी त्या धपाट्याचा अर्थ लागला. शिंगांवर ओझं नसतं.

चादर, टॉवेल, कलप, नव्या चपला ही सगळी शिंगं. त्यांच्यावर कोणी बसत नाही. पण 'वेळ जावा म्हणून' या शब्दांवर चार माणसं आपला संसार रचायला निघाली होती. मुलगा, त्याची गुडघेदुखीनं हैराण झालेली आई, आणि मुख्य म्हणजे आमची लेक. ते शब्द मी रिकाम्या गाडीत फिरवून बघितले होते. आणि ज्या पगारानं दोन वर्षं आमचं घर पेललं, त्याच्याबद्दल बोललो होतो. महाभारतात म्हटलंय की धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार अंगुळं वरून चालायचा. अश्वत्थाम्याच्या मरणाचं अर्धसत्य बोलला आणि चाकं जमिनीला टेकली. मला लहानपणी वाटायचं, एवढ्या हलक्या आवाजात बोललेल्या दोन शब्दांना इतकी मोठी शिक्षा? पण तो ज्याच्याशी बोलत होता त्या द्रोणाचार्यांनी त्या दोन शब्दांवर शस्त्र ठेवलं. सगळं ओझं त्यांच्यावरच होतं.

ही कसोटी मला सुचली खरी, पण ती तितकीशी पक्की नाही, हेही कबूल करतो. कुठल्या गोष्टीवर ओझं येणार हे आधी कुठे कळतं? मी साधी चाकं नटवली असं समजत होतो. 'गाडी माझी, पैसे माझे, कुणाचं काय जातं?' असंही म्हणत होतो. ते टायर घाटाच्या उतारावर फुटलं असतं, तर समोरून येणाऱ्या एखाद्या सायकलवाल्याचं काय जातं ते कळलं असतं. (पुढे २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की, कंपनीनं ठरवून दिलेल्या मूळ रचनेपेक्षा गाडी वेगळी होईल असे फेरफार तिच्यात करता येत नाहीत. आजोबा ते धपाट्यात सांगून गेले होते.) शिवाय काही गोष्टी आज शिंगं असतात आणि उद्या चाकं होतात. 'स्वयंपाक येतो का?' या प्रश्नाचंच बघा. पण ते असो. म्हाताऱ्याला एव्हाना योग्य तोंड सापडलं होतं.

त्याने बारा इंची स्टेपनी चढवली, डिकीतल्या पिशवीतले जुने नट आवळले, समोरासमोरचे दोन-दोन, आणि जॅक काढला. गाडी डावीकडे मागे कलली. तीन चाकं तेरा इंची, एक बारा. मी नंतर हिशेब केला: त्रिज्येतला फरक १८ मिलिमीटर, म्हणजे साधारण एक अंगुळ. धर्मराज चार उतरला होता. मी लहान माणूस.

मंडळी गाडीत बसायला निघाली. मुलाचे वडील रुमालाला हात पुसत उभे होते. ते सौजन्यानं म्हणाले, "असू द्या हो, चालायचंच. गाडी तुम्ही छानच ठेवली आहे."

त्यांनी ते म्हटलं नसतं तर कदाचित मी बोललो नसतो. मी म्हणालो, "ही चाकं गाडीची नाहीत. तुम्ही येणार म्हणून आठ दिवसांपूर्वी घातली."

ते हसले. "आमच्याकडचा सोफाही असाच आहे."

"आणखी एक. मुलगी वेळ जावा म्हणून नोकरी करत नाही. गिरणी बंद पडली तेव्हा दोन वर्षं घर तिनं चालवलं. ती नोकरी सोडणार नाही. सोड असं मी तिला सांगणारही नाही. सकाळी मी जे म्हणालो ते… तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणालो."

ते काही वेळ गाडीच्या कललेल्या बाजूकडे बघत राहिले. "सांगितलंत ते बरं झालं," एवढंच म्हणाले. मग आम्ही चाळिसाच्या वेगानं तुळजापूरला गेलो, देवीचं दर्शन घेतलं, आणि तसेच कलून परत आलो. मंडळींना रात्री स्टेशनवर सोडलं. मुलानं जाताना वाकून नमस्कार केला. मुलगा चांगला होता, हे अजूनही म्हणतो.

घरी लेक वह्या तपासत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. खर्र आवाजापासून सगळं. ती मध्ये एकदाच बोलली.

"त्यांना 'दोन वर्षं' असं सांगितलंत?"

"हो."

"सव्वादोन," ती म्हणाली आणि पुढची वही ओढली.

एकोणिसाव्या दिवशी ठाण्याहून फोन आला. पत्रिका पुन्हा एकदा दाखवली, एकनाडी निघाली. ३६ पैकी २८ गुण जुळले होते. न जुळलेले आठ नेमके नाडीचे होते, हे त्यांना एकोणीस दिवसांनी कळलं. मी काही म्हणालो नाही. त्यांनीही शिंगच रंगवून पाठवलं होतं, आणि मला ते मनापासून आवडलं. सौ. मात्र पुढे वर्षभर, काही कारण असो वा नसो, "तुम्हाला त्या माळावरच खरं बोलायचं सुचलं होय?" असं विचारत असे. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. खरं बोललो म्हणून स्थळ गेलं, की नाडीनं गेलं, की जळक्या रबराच्या वासानं, हे सांगता येत नाही. खरं बोलण्याचा फायदा होतो असं मी कुठेही म्हटलेलं नाही, हे वाचकांनी नोंदवून ठेवावं.

फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी लेक म्हणाली, "अप्पा, उद्या मला सुट्टी आहे. दुकानात मी येते." तिथे मालकानं तिच्याही चेहऱ्याकडे बघितलं.

"बसत होतं की ताई! मी स्वतः फिरवून दिलं."

"बसत होतं," ती म्हणाली. "आम्ही बसलो की बसत नव्हतं." आणि मग ऑफसेट म्हणजे काय, हे तिनं त्याला पहिल्यापासून समजावून सांगायला सुरुवात केली. अकरावीच्या वर्गाला सांगावं तसं, फळ्याऐवजी धुळीनं भरलेल्या काउंटरवर बोटानं आकृती काढून. दहाव्या मिनिटाला त्यानं सहा हजार काढून दिले. मी मागितले असते तर दोन दिले असते.

जुनी लोखंडी चाकं परत चढली. निघताना मी त्याच दुकानातून हळूच चार प्लास्टिकच्या व्हीलकॅप घेतल्या. चांदीच्या रंगाच्या, पाच पाकळ्यांच्या, लांबून बघितलं तर मॅगव्हीलच वाटाव्यात. लेकीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "यांच्यावर ओझं नसतं." ती पहिल्यांदा हसली.

त्यातली एक होटगी रस्त्यावर स्पीडब्रेकरला उडून गेली, दोन जत्रेच्या गर्दीत कुणीतरी काढून नेल्या. गाडी २०१५ साली भंगारात गेली. चौथी कॅप अंगणात तुळशीमागे पडून होती. लेक बदलापूरहून सुट्टीला आली की तिचा मुलगा ती दोन्ही हातांत धरून गाडी गाडी खेळत अंगणात फिरतो. गेल्या मे महिन्यात तो एकदम ब्रेक लावून माझ्या खुर्चीपुढे थांबला आणि म्हणाला, "आजोबा, बसा मागे. तुळजापूर, तुळजापूर!"

मी उठलो आणि त्याच्या मागे उभा राहिलो. आधी आजीलाही बोलवून घे, म्हटलं.